वाटणीबाहेरचे पाणी

कृष्णेच्या पाण्याची वाटणी झाली ती १९७३ साली. न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखालील लवादाने त्या वर्षाच्या डिसेंबरात निवाडा दिला, १९७६ मध्ये त्याचा पुरवणी अहवाल आला, आणि २०६० टीएमसी पाण्याचे तीन हिस्से पडले. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्र प्रदेशाला ८००. भावाभावांत शेत वाटताना बांध, विहीर, आंब्याचे झाड असे सारे मोजून लिहून घेतात, तसे हे वाटणीपत्रक झाले. त्यानंतरची पन्नास वर्षे आपल्याकडचे पाण्याचे सगळे राजकारण या तीन आकड्यांभोवती फिरत राहिले.

ही वाटणी वापरायच्या पाण्याची होती. चार वर्षांपैकी तीन वर्षे जेवढे पाणी खात्रीने मिळेल, तेवढेच हिशेबात धरले होते. त्याहून अधिक येणारे पाणी, म्हणजे आश्लेषात रात्री दारात येऊन उभे राहणारे पाणी, हिश्श्याचे नव्हते. ते कोणी, कोठे आणि किती वेळ थोपवून धरायचे, हा प्रश्न त्या वाटणीचा विषयच नव्हता. पाणी प्रत्येकाला हवे होते, पूर कोणालाच नको होता. नको असलेल्या वस्तूची वाटणी मागायला कोण जातो?

आम्हा बेळगाव जिल्ह्यातील नदीकाठच्या माणसांना हा प्रश्न जरा जास्तच जवळचा आहे. चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी, कागवाड या तालुक्यांच्या डोक्यावर कोयना, वारणा, राधानगरी आणि दूधगंगा ही महाराष्ट्राची धरणे आहेत आणि पायाशी कर्नाटकाचे अलमट्टी. वरच्यांनी पाणी सोडले की आम्ही त्यांच्या खाली असतो, आणि खालच्यांनी अडवले की आम्ही त्यांच्या वर असतो. त्यामुळे सांगलीकरांची अलमट्टीविषयीची तक्रार आम्हाला समजते, आणि कोयनेचे दरवाजे उघडले की बागलकोटकडच्या माणसाच्या पोटात गोळा का येतो तेही समजते. दोन्ही बाजूंचे ऐकणाऱ्याने या पुराचा इतिहास एकदा सलग मांडून पाहावा, असे मला बरेच दिवस वाटत होते.

*

धरणे नव्हती तेव्हाही पूर होते. पण तेव्हाचे शहाणपण गावाच्या रचनेतच होते. आपल्या जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे पिकाची जमीन. कृष्णाकाठचे कोणतेही जुने गाव पाहावे. पांढरी उंचवट्यावर असते आणि काळी तिच्या पायथ्याशी नदीपर्यंत पसरलेली असते. पूर काळीत यायचा, गाळ टाकून जायचा, आणि त्या मळीवर पुढे वांगी आणि शाळू उत्तम यायचा. पूर पांढरीत शिरला तर ते साल लोकांच्या बोलण्यात दोन पिढ्या राहायचे. म्हणजे नदीला पसरायला जागा ठेवलेली होती आणि ती जागा कोणती, हे गावातल्या सर्वांना ठाऊक होते.

नरसोबाच्या वाडीचे उदाहरण तर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. पंचगंगा कृष्णेला मिळते तिथे, अगदी काठावर दत्ताचे देऊळ. पाणी चढत चढत पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि तेवढ्या पाण्यात स्नान करायला मराठी आणि कानडी दोन्ही मुलखांतून माणसे येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वर नेतात. नदी वर येणार हे तिथे गृहीत धरलेले आहे, आणि ती आली की काय करायचे हेही ठरलेले आहे.

पुढे आपल्या भागात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत बसवलेले बरगे, एवढीच त्यांची रचना. पावसाळा संपताना बरगे घालायचे, उन्हाळाभर पाणी वापरायचे आणि मिरगाच्या आधी बरगे काढून ठेवायचे. बरगे वेळेत काढले नाहीत तर बंधारा तुंबतो, ओंडके आणि झाडेझुडपे अडकतात आणि काठ खचतो. हे काम करणाऱ्याला जलशास्त्र शिकवावे लागत नाही. पावसाळा यायच्या आधी जागा मोकळी करावी लागते, हे त्याला माहीत असते. मोठ्या धरणांच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट अवघड होऊन बसली, कारण धरणाचे बरगे काढून ठेवता येत नाहीत. धरण पावसाळ्यातच भरायचे असते.

*

आपल्या भागातील मोठ्या धरणांची कथा कोल्हापूर संस्थानापासून सुरू होते. १८९६–९७ आणि त्यापाठोपाठ १८९९–१९०० असे दोन दुष्काळ पाहिल्यावर शाहू महाराजांनी भोगावती नदीवर धरण बांधायचे ठरवले. शतकाच्या पहिल्या दशकात काम सुरू झाले. संस्थानाच्या तिजोरीला न पेलणारा खर्च आणि मधले महायुद्ध यांमुळे ते अर्धवट राहिले आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. राधानगरीची क्षमता आज ८.३६ टीएमसी धरतात. ते बांधले गेले ते दुष्काळाच्या भीतीने. पुराचा विचार नंतरचा.

या धरणाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की दरवाजा आपोआप उघडतो आणि पातळी उतरली की आपोआप बंद होतो. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी जाते. साती दरवाजे उघडले तर जवळजवळ १०,००० क्युसेक. पावसाळ्यात ‘राधानगरीचे चार दरवाजे उघडले’ ही बातमी आली की निपाणीपर्यंतचे लोक सावध होतात.

आपोआप चालणाऱ्या दरवाज्याची कल्पना आपल्याकडे रुजवली ती विश्वेश्वरय्यांनी. म्हैसूर संस्थानात जन्मलेला हा माणूस पुण्याच्या कॉलेजात शिकून १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला आणि नोकरीची चोवीस वर्षे त्याने बहुतांशी मराठी मुलखात काढली. खडकवासल्याच्या तलावात पावसाळ्यात सांडव्यावरून सहा-आठ फूट पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात पुण्याला ते कमी पडे. भिंत उंच करावी तर पाया जुना. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर असे दरवाजे बसवले की पाणी सुमारे आठ फूट जास्त साठावे आणि पूर आला की दरवाजांनी स्वतःहून वाट मोकळी करावी. हे १९०३ सालचे काम. पुढे ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही त्यांच्या दरवाज्यांचा उपयोग झाला.

दरवाजा उघडायला माणूस धावत जायची गरज उरली नाही, हा मोठाच फायदा झाला. पण या दरवाज्याला फक्त आपल्या पाठीमागचे पाणी कळते. पुढे काय चालले आहे, ते त्याला दिसत नाही. भोगावतीला कुंभी, कासारी आणि तुळशी मिळून पंचगंगा होते. त्या तिघी आधीच दुथडी भरून वाहत असतील आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीला टेकले असेल, तरी राधानगरीचा दरवाजा आपली पातळी आली की उघडणारच. दरवाजा धरणाचे रक्षण करतो. काठाचे रक्षण दुसऱ्या कोणीतरी, काही दिवस आधी विचार करून करावे लागते.

*

हा ‘आधी करायचा विचार’ काय असतो, ते विश्वेश्वरय्यांनीच हैदराबादेत दाखवले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी, हस्ताच्या तोंडाशी, मुशी नदीला असा पूर आला की शहराचा मोठा भाग वाहून गेला. सुमारे १५,००० माणसे दगावली असे सांगितले जाते. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांनी पाणलोटात पाहणी केली तेव्हा त्यात ७८८ तलाव असल्याचे आढळले आणि त्यांपैकी २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटून त्याचे पाणी खालच्यात, तोही फुटून आणखी खालच्यात, अशी रांग लागली. काठोकाठ भरलेले तलाव पुराला थोपवू शकले नाहीत. उलट पुरात त्यांचे पाणी मिळत गेले.

यावर त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे शहराच्या वर, मुशी आणि ईशी या दोन नद्यांवर दोन मोठी धरणे. ती पुराची लाट पोटात घेतील आणि शहरातून जाणाऱ्या नदीला झेपेल एवढेच पाणी खाली सोडतील. त्याप्रमाणे १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाला. यातला महत्त्वाचा भाग भिंतीचा नसून पोकळीचा आहे. पूर अडवणारे धरण म्हणजे पूर येण्याच्या क्षणी ज्याच्यात रिकामी जागा आहे ते धरण. भरलेले धरण कितीही मोठे असले तरी त्या दिवशी वरून येईल तेवढे पाणी ते खाली सोडते. नदी आणि ते धरण यांत मग काही फरक राहत नाही.

पण रिकाम्या जागेला पीक येत नाही, वीज येत नाही, आणि मेमध्ये तिच्याकडे बोट दाखवून ‘हे पाणी आमचे’ असेही म्हणता येत नाही. म्हणून ज्या धरणाला शेती, वीज आणि शहराची तहान अशी तीन कामे आहेत, त्यात पुरासाठी राखलेला कोपरा सर्वांत आधी गिळला जातो.

*

स्वातंत्र्यानंतर कृष्णा खोऱ्यात धरणांची रांग उभी राहिली. सर्वांत मोठे कोयना. विजेसाठी बांधलेल्या या धरणाची मूळ क्षमता ९८.७८ टीएमसी होती. पुढे दरवाज्यांची उंची वाढवून ती १०५.२५ झाली. बचावत निवाड्याने त्यातले ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेकडे वळवायला मुभा दिली. वारणेचे ३४.४०, दूधगंगेचे २५.४० टीएमसी. दूधगंगा हा तर दोन्ही राज्यांचा मिळून केलेला प्रकल्प. आमच्या जिल्ह्यात घटप्रभेवर हिडकलचे ५१ टीएमसीचे धरण आणि मलप्रभेवर सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ. या सर्वांच्या खाली अलमट्टी. त्याचा पाया १९६४ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला.

याच काळात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्याच्या पाण्याने खडकवासलाही गेला आणि पुण्यावर आपत्ती कोसळली. ‘धरणाच्या माथ्यावरून पाणी जाता कामा नये’ हा नियम अभियंत्यांना पुस्तकातून माहीत होता. पानशेतनंतर तो महाराष्ट्रातील प्रत्येक माणसाच्या मनात बसला. आणि तो बरोबरच आहे. धरण फुटण्यापुढे कोणताही पूर लहान. म्हणून धरण भरले की अभियंत्यापुढे पर्याय उरत नाही, आले तेवढे पाणी सोडावेच लागते. त्याला निवड असते ती धरण भरण्याच्या आधी, म्हणजे जुलैत.

येथे थोडे गणित केले पाहिजे, कारण पावसाळ्यात वर्तमानपत्रात येणारी धरणांची चौकट आपण रोज वाचतो, पण टीएमसी आणि क्युसेक यांची सांगड सहसा घालत नाही. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. ११,५७४ क्युसेक पाणी पूर्ण दिवसभर वाहिले की एक टीएमसी होतो. म्हणजे एक लाख क्युसेकने दिवसाला साडेआठ टीएमसीहून थोडे अधिक पाणी जाते. आता समजा, कोयनेत १० टीएमसी जागा शिल्लक आहे आणि येणारे पाणी सोडलेल्या पाण्यापेक्षा एक लाख क्युसेकने जास्त आहे. ती जागा भरायला अठ्ठावीस तास पुरेसे आहेत. जागा २० टीएमसी असेल तर दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ मिळतो. पुराच्या दिवसांत हा एक जादा दिवस म्हणजे गावे हलवायला, जनावरे सोडवायला आणि खालची लाट ओसरायला मिळालेला वेळ. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सोडले जातात ते अशा वेळी जमेस धरण्याइतकेही नसतात.

मग जुलैत किती जागा ठेवायची? याचे उत्तर पावसाच्या शिल्लक दिवसांवर अवलंबून आहे. आपले शेतकरी ते नक्षत्रांनी मोजतात. तरणा पाऊस पुनर्वसूचा, म्हातारा पुष्याचा, मग आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. पुढे अजून पाच-सहा नक्षत्रे असतील तर धरण भरायची घाई नको. मघा संपत आली की हळूहळू वर जावे. पाटबंधारे खात्यात याच हिशेबाला जलाशय परिचालन सूची म्हणतात. कोणत्या तारखेला पातळी कोठपर्यंत असावी ते त्यात लिहिलेले असते. सूची उत्तम असते. पण एखाद्या वर्षी तरणा कोरडा जातो, पुष्यात पाऊस लागतो, आणि ‘आता मिळते आहे ते धरून ठेवा’ असा दबाव चारी बाजूंनी येतो. तो दबाव आपलाच असतो, हेही सांगितले पाहिजे. दर उन्हाळ्यात कृष्णा राजापूर बंधाऱ्याखाली कोरडी पडते आणि कोयनेतून दोन-चार टीएमसी सोडा अशी कर्नाटकाची विनंती महाराष्ट्राकडे जाते. मे महिन्यात अथणी-रायबागच्या माणसाला कोयना भरलेली हवी असते आणि ऑगस्टमध्ये रिकामी. दोन्ही मागण्या न्याय्य आहेत. अभियंत्याने त्या एकाच धरणातून पुऱ्या करायच्या असतात.

*

गेल्या वीस वर्षांतील तीन महापूर, २००५, २०१९ आणि २०२१ चे, सगळे पुष्य-आश्लेषांत आले. सांगलीच्या आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांपुढे गेले, २०१९ मध्ये ५७ फुटांपुढे आणि २०२१ मध्ये पुन्हा ५५ फुटांच्या आसपास. आमच्याकडे कल्लोळ–यडूर, मलिकवाड–दत्तवाड, सदलगा–बोरगाव, कारदगा–भोज हे बंधारे आणि पूल पाण्याखाली जाणे नेहमीचेच आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले आणि पुणे–बंगळूर वाहतूक थांबली. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि सुटकेच्या वाटेवरची माणसे बुडाली. त्या दिवशीच्या बातमीने दोन्ही मुलखांतली घरे सुन्न झाली होती.

२००५ पासून आरोप अलमट्टीवर आहे. त्याचे मूळ जुने. धरणाची उंची ५१९.६० मीटर असावी की ५२४.२५६, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा महाराष्ट्राची तक्रार आपल्या हद्दीतील बुडिताची होती. २००० साली न्यायालयाने ५१९.६० पर्यंतच परवानगी दिली. २०१० मध्ये ब्रिजेशकुमार लवादाने ५२४.२५६ ला मान्यता दिली, पण न्यायालयाच्या स्थगितीमुळे तो निवाडा राजपत्रात आला नाही. २०२५ मध्येही महाराष्ट्राची हरकत आणि कर्नाटकाचा आग्रह दोन्ही कायम होते. अशा वादाच्या सावलीत पूर आला की बोट आपोआप धरणाकडे जाते.

२०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारने निवृत्त अभियंता नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० मध्ये तिने अहवाल दिला. सांगली-कोल्हापूरचा तो पूर अलमट्टीच्या फुगवट्यामुळे आलेला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. महाराष्ट्रानेच नेमलेल्या समितीने हे सांगावे, याचे मोल मोठे आहे. अतिवृष्टी, सर्व उपनद्यांना एकाच वेळी आलेले पाणी आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणे ही कारणे तिने पुढे ठेवली. ते पटण्यासारखेही आहे. कृष्णेला कऱ्हाडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा आणि वाडीला पंचगंगा मिळते. पुढे आमच्या कल्लोळला दूधगंगा. या टापूत नदीचा उतार मंद आणि वळणे फार. एक नदी फुगली की दुसरीचे पाणी तिच्या तोंडाशी अडून मागे सरकते. हा फुगवटा नद्या एकमेकींना देतात. त्याला दोनशे किलोमीटर लांबचे धरण लागत नाही.

तरी अलमट्टीने वेळेवर पाणी सोडणे बिनमहत्त्वाचे ठरत नाही. २०१९ मध्ये दोन मुख्यमंत्र्यांत बोलणे होऊन तेथील विसर्ग पाच लाख क्युसेकच्या पुढे नेला गेला. पाच लाख क्युसेक म्हणजे दिवसाला ४३ टीएमसी. एवढ्या पाण्याने खाली नारायणपूर आणि रायचूरकडची गावे बुडतात, हे सांगलीच्या सभांत कोणी बोलत नाही. रायचूरचा शेतकरी त्या रात्री महाराष्ट्राला शिव्या देत असेल, तर त्याला दोष कसा द्यावा?

आणि २०२१ ने तर सर्वांनाच धडा दिला. त्या वर्षी १९ जूनला महाराष्ट्राचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळूरला जाऊन मुख्यमंत्री येडियुराप्पांना भेटले. धरणांचे आकडे एकमेकांना कळवत राहायचे, असे ठरले. जे पन्नास वर्षांपूर्वी व्हायला हवे होते ते झाले. महिन्याभरात, जुलैच्या तिसऱ्या आठवड्याअखेर घाटमाथ्यावर विलक्षण पाऊस झाला. मोठी धरणे काठोकाठ भरलेली नव्हती, तरी कोल्हापुरात पंचगंगा ५६ फुटांवर गेली, २०१९ पेक्षाही वर. हा पूर धरणांच्या खाली, मोकळ्या पाणलोटात पडलेल्या पावसाचा होता. कितीही चांगले चालवलेले धरण आपल्या भिंतीखाली पडणारा पाऊस अडवू शकत नाही.

आमच्या गोकाकचा अनुभव हाच आहे. हिडकलवर लक्ष ठेवून भागत नाही, कारण आंबोलीकडून येणारी हिरण्यकेशी हिडकलच्या खाली घटप्रभेला मिळते आणि त्याखाली मार्कंडेय. तिन्ही एकदम आल्या की लोळसूरचा पूल बुडतो आणि गोकाकच्या पेठेत पाणी शिरते. मलप्रभेची गोष्ट याच्या उलट. ती कित्येक वर्षे आटलेली, पात्राच्या आतपर्यंत शेते गेलेली. २०१९ मध्ये नविलुतीर्थ भरले, पाणी सोडावे लागले, आणि रामदुर्गाकडच्या लोकांना आपण नदीत राहतो हे त्या दिवशी समजले.

*

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. पुराचे व्यवस्थापन दरवाजे उघडल्यावर सुरू होत नाही, तोवर ते बहुतेक संपलेले असते. धरणात जुलैअखेर किती जागा शिल्लक ठेवायची आणि नदीकाठी बारमाही किती जागा मोकळी ठेवायची, या दोन प्रश्नांत ते आहे. पहिली जागा अभियंत्यांच्या हातात आहे. दुसरी आपल्या. काळीत प्लॉट पाडून ते विकणारे आणि विकत घेणारे आपणच आहोत. पूररेषेच्या नकाशावर आक्षेप घेणारेही आपणच. पांढरी सोडून नदीकडे सरकताना आपल्या आजोबांनी ठेवलेली वाट आपण बुजवली, आणि पाणी आले की वरच्या किंवा खालच्या राज्याचे नाव घेतले. धरणवाल्यांच्या चुका होत नाहीत असे नाही. होतात, आणि त्यांचा जाब विचारलाच पाहिजे. पण तो ऑगस्टमध्ये विचारून उपयोग नाही. आर्द्रात विचारला पाहिजे की या वर्षीची सूची काय आहे, तरण्यात कोयना कोठे असेल, म्हाताऱ्यात अलमट्टी कोठे असेल, आणि पातळी सूचीच्या वर गेली तर ती कोणाच्या सहीने गेली.

हा जाब विचारायला आपल्यासारखी योग्य माणसे दुसरी नाहीत. कोयना आणि वारणेचे आकडे मराठी वर्तमानपत्रात येतात, अलमट्टी आणि हिडकलचे कानडी. कोल्हापुरातल्या माणसाला दुसरी चौकट वाचता येत नाही, विजापुरातल्या माणसाला पहिली. आपल्या घरांत दोन्ही पत्रे येतात आणि शाळेतली मुले दोन्ही लिपी वाचतात. भाषेच्या प्रश्नावर आपण सत्तर वर्षे खूप सोसले आहे, त्याची येथे पुनरुक्ती नको. पण या एका बाबतीत दोन भाषांच्या मधे असणे हे आपले बळ आहे. वरून निघालेले पाणी आपल्या दारातून खाली जाईपर्यंत त्याचा सगळा हिशेब मांडू शकणारे आपण आहोत. चिकोडी-निपाणीच्या एखाद्या हायस्कुलात मुलांनी जूनपासून दोन्ही चौकटी एका तक्त्यावर लिहिल्या, शेजारी आपल्या पुलावरची पातळी रोज टिपली, तर दोन-तीन पावसाळ्यांत त्या गावाला सरकारी निरोपाच्या आधी कळेल की पाणी केव्हा येणार. असा तक्ता मराठी आणि कानडी दोन्ही आळ्यांच्या उपयोगाचा असेल.

लवादाने वाटलेले २०६० टीएमसी पाणी ज्याचे त्याला मिळत राहो. वाटणीबाहेरच्या पाण्याचा मात्र कोणी वाली नाही, आणि ते दर काही वर्षांनी आपल्याच दारी येणार आहे. त्याची वही तरी आपण ठेवायला सुरुवात करू या.